नाभिक व्यवसायातून उदयास आलेले शस्त्रवैद्य : आंब्रुआझ पारे

ज्या समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या वस्तरा, कातर आणि तेलाची वाटी होती, त्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एका परदेशीय पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पुढील चरित्रातच आहे. सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात एका न्हाव्याच्या उमेदवाराने मानवी देहातील हाडे, सांधे व स्नायू यांचा इतका कसून अभ्यास केला, की पुढे चार राजांनी आपले शरीर विश्वासाने त्याच्या हाती सोपविले. आधुनिक शस्त्रक्रियेच्या जनकांत ज्यांची गणना होते, ते आंब्रुआझ पारे हेच ते गृहस्थ होत. संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाचे नाव भक्तिमार्गात उजळले. पारे यांनी तेच कार्य ज्ञानमार्गात केले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पारे यांचा जन्म इ. स. १५१० च्या सुमारास फ्रान्सच्या पश्चिम भागातील लाव्हाल ह्या गावाजवळ झाला. घरची स्थिती साधारण होती. लॅटिन भाषा शिकून विद्यापीठात प्रवेश मिळविण्याइतकी ऐपत कुटुंबापाशी नव्हती. त्यांचे वडील बंधू व मेहुणे हे दोघेही नाभिक-शस्त्रवैद्याचा व्यवसाय करीत. हा शब्द आज चमत्कारिक वाटेल. परंतु त्या काळच्या युरोपात तो एक मान्यताप्राप्त धंदा होता. दाढी-हजामत करणे, शीर तोडून रक्त काढणे, तुंबड्या लावणे, गळवे फोडणे, जखमा बांधणे आणि निखळलेले सांधे बसविणे ही सर्व कामे न्हावीच करीत. आपल्याकडील गावगाड्यातही मालीश, तुंबडी, गळू फोडणे ही कामे नाभिकाच्या धोकटीशी निगडित होती, हे वडीलधाऱ्या मंडळींना सांगावयास नको.

त्या काळी पॅरिस शहरात रोग्यावर उपचार करणाऱ्यांच्या तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर विद्यापीठातील वैद्य. ते लॅटिन ग्रंथ मुखोद्गत करीत, पण रक्तामांसाला हात लावणे कमीपणाचे मानीत. त्यांच्या खाली सेंट कोम ह्या संघाचे लांब झगेवाले शस्त्रवैद्य. सर्वांत खाली आखूड झगेवाले नाभिक-शस्त्रवैद्य. शवविच्छेदनाच्या वर्गातही हीच उतरंड दिसे. प्राध्यापक उंच आसनावरून प्राचीन ग्रंथ वाचून दाखवीत आणि खाली उभा असलेला न्हावी प्रेतावर सुरी चालवी. ग्रंथ वाचणाऱ्याने देह पाहिलेला नसे आणि देह पाहणाऱ्यास ग्रंथ कळत नसे. ज्ञान आणि हात यांची ही ताटातूट हाच त्या काळच्या वैद्यकाचा मोठा रोग होता. तो नाहीसा करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पारे यांचे स्थान फार वरचे आहे.

उमेदवारी करता करता पारे पॅरिसला आले आणि तेथील ओतेल-द्य या जुन्या धर्मार्थ रुग्णालयात त्यांना काम मिळाले. सुमारे तीन वर्षे त्यांनी तेथे काढली. गोरगरिबांनी खच्चून भरलेल्या त्या रुग्णालयात जिवंत रोगी आणि मृत देह या दोहोंची उणीव नव्हती. विद्यापीठाची दारे ज्याला बंद होती, त्याला हे रुग्णालयच विद्यापीठ झाले. प्रत्येक हाड कोठे उंच होते, कोठे खोलगट होते, कोणता स्नायू कोठे उगम पावून कोठे जोडला जातो, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर बोटांनी शिकून घेतले.

इ. स. १५३६-३७ मध्ये ते फ्रेंच सैन्याबरोबर इटलीतील तुरीनच्या मोहिमेवर गेले. बंदुकीची गोळी विषारी असते अशी त्या वेळी विद्वानांची समजूत होती; म्हणून गोळीच्या जखमेत उकळते तेल ओतण्याची चाल होती. एके दिवशी जखमी इतके झाले की तेल संपले. निरुपायाने तरुण पारे यांनी अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे थंड मिश्रण उरलेल्यांच्या जखमांवर लावले. आपल्या हातून ही माणसे दगावणार या धास्तीने त्यांना रात्रभर झोप आली नाही. पहाटे उठून पाहतात तो उकळत्या तेलाचे रोगी ज्वराने व वेदनेने तळमळत होते, आणि मिश्रण लावलेले बरेच शांत होते. त्याच दिवशी त्यांनी त्या अघोरी उपचाराचा त्याग करण्याचा निश्चय केला. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा रोग्याच्या देहात काय घडते हे प्रमाण मानावयाचे, ही वृत्ती त्यांच्या अंगी तेव्हापासून बाणली.

इ. स. १५४१ च्या सुमारास ते परीक्षा उत्तीर्ण होऊन नाभिक-शस्त्रवैद्य म्हणून मान्यता पावले. पॅरिसमधील प्रख्यात शरीररचनाशास्त्रज्ञ झाक द्युब्वा, ज्यांना सिल्व्हियस म्हणून ओळखतात, त्यांनी पारे यांना घरी बोलावून त्यांचे अनुभव ऐकले आणि ते लिहून काढण्याचा आग्रह केला. स्नायूंना नुसते क्रमांक न देता नावे देण्याची पद्धत रूढ होण्यात ह्याच सिल्व्हियस यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या प्रोत्साहनाने इ. स. १५४५ साली पारे यांचा बंदुकीच्या जखमांवरील पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या मातृभाषेत, फ्रेंचमध्ये लिहिला. पुढे १५४९-५० साली शरीररचनेवरील एक लहान ग्रंथ आणि १५६१ साली त्याच विषयावरील विस्तृत ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. थोर शरीररचनाशास्त्रज्ञ अँड्रियास व्हेसेलियस यांचा युगप्रवर्तक ग्रंथ १५४३ साली लॅटिनमध्ये निघाला होता. त्यातील आकृत्यांचा उपयोग करून, आणि तसे मोकळेपणाने मान्य करून, पारे यांनी ते ज्ञान लॅटिन न जाणणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंच्या हाती दिले. हाडे आणि स्नायू ज्याला ठाऊक नाहीत त्याने दुसऱ्याच्या देहावर हात टाकू नये, ही त्यामागची त्यांची दृष्टी होती.

त्यांच्या अभ्यासाची एक हकीकत आवर्जून सांगण्यासारखी आहे. फाशी गेलेल्या एका गुन्हेगाराचे प्रेत पॅरिसच्या न्यायाधिकाऱ्याकडून त्यांना मिळाले. त्याच्या उजव्या बाजूचे सर्व स्नायू त्यांनी एकेक करून उलगडून ठेवले आणि डावी बाजू जशीच्या तशी राखली. विशेष प्रक्रिया करून हा देह त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ आपल्या घरी जतन केला. एखादी अवघड शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ते त्या देहापाशी जात आणि त्या जागी कातडीखाली काय काय आहे याची उजळणी करून घेत. त्या वेळी ते काही नवखे नव्हते. राजवैद्य म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली होती. तरीही हात चालविण्यापूर्वी स्मरण ताजे करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. एकदा शिकलो म्हणजे संपले, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग मनावर कोरून ठेवावा.

इ. स. १५५२ मध्ये दांव्हिये येथील वेढ्याच्या वेळी एका जखमीचा पाय कापताना पारे यांनी तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. ही युक्ती प्राचीनांना अपरिचित नव्हती. परंतु अवयवच्छेदनात तिचा वापर करून तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय पारे यांचे आहे. त्याच वर्षी राजा दुसरा आंरी याने त्यांना आपल्या सेवेत घेतले. मेट्झ शहराला शत्रूचा वेढा पडला असता राजाने त्यांना गुप्तपणे आत पाठविले, तेव्हा आता जखमी झालो तरी मरणार नाही, अशा विश्वासाने सैनिकांनी त्यांचे स्वागत केले. १५५४ मध्ये सेंट कोमच्या संघाने त्यांना सदस्यत्व दिले. लॅटिन न येणाऱ्या नाभिकाला तेथे प्रवेश मिळणे ही त्या काळी अपूर्व घटना होती. दुसरा आंरी, दुसरा फ्रान्स्वा, नववा शार्ल आणि तिसरा आंरी अशा चार राजांची सेवा त्यांच्या हातून घडली.

इ. स. १५६१ मध्ये त्यांच्यावरच एक कठीण प्रसंग ओढवला. घोड्याच्या लाथेने त्यांच्या डाव्या पायाची घोट्यावरील दोन्ही हाडे मोडली आणि हाडाचे टोक कातडी फोडून बाहेर आले. अशा अस्थिभंगात पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही, अशी तेव्हाची रीत होती. वेदनांनी व्याकूळ झालेले असतानाही पारे यांनी बरोबरच्या शस्त्रवैद्यास धीर दिला. आपण स्नेही आहोत हे विसरून पाय जोराने ताणा, जखम मोठी करून हाडाचे सुटे तुकडे काढा आणि हाड जाग्यावर बसवा, असे त्यांनीच सांगितले. कित्येक दिवस ज्वर व पू यांनी त्यांना छळले. पण पाय वाचला आणि पुढे ते न लंगडता चालू लागले. दुसऱ्याच्या शरीरावर जे केले ते स्वतःच्या शरीरावर सोसून त्यांनी आपल्या विद्येची परीक्षा दिली, आणि ही सर्व हकीकत पुढील विद्यार्थ्यांसाठी लिहूनही ठेवली.

अस्थिभंग व निखळलेले सांधे यांवरील त्यांचे लेखन हाताने उपचार करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगे आहे. निखळलेला खांदा बसविण्याच्या सहा रीती त्यांनी वर्णिल्या आहेत. काखेत टाच देऊन हात ताणणे, वैद्याच्या खांद्यावरून रोग्याचा हात खाली ओढणे, शिडीचा आधार घेणे इत्यादी प्रकार त्यांत येतात. ह्या सर्वांमागचे तत्त्व एकच. दंडाच्या हाडाचा गोल माथा आपल्या उथळ खोबणीतून सुटून बहुधा पुढे व खाली, काखेच्या दिशेने सरकतो. भोवतीचे स्नायू आखडून त्याला तेथेच धरून ठेवतात. म्हणून प्रथम ताण देऊन स्नायूंची पकड सैल करावयाची आणि मग माथा आल्या वाटेने परत न्यावयाचा. त्याच काखेतून हाताची मुख्य धमनी व मज्जातंतूंचा जुडगा जातो, हे ज्याला ठाऊक नाही तो सांधा बसविताना हात कायमचा लुळा करून ठेवू शकतो. पाठीचा मणका सरकला असता रोग्यास पालथे निजवून, पट्ट्यांनी दोन्ही बाजूंस ताण देऊन, मग मणक्यावर हाताने दाब देण्याची कृतीही त्यांनी लिहिली आहे. वाकड्या पाठीसाठी छिद्रे पाडलेल्या लोखंडी पत्र्याची चोळी त्यांनी सुचविली. एका कुशल कुलूपकाराकडून कळीची बोटे असलेला कृत्रिम हात त्यांनी बनवून घेतला. त्याचे चित्र त्यांच्या १५६४ च्या ग्रंथात आहे.

अंग चोळण्याच्या कलेलाही त्यांनी शास्त्राचे स्थान दिले. हळुवार, मध्यम आणि जोरकस असे चोळण्याचे तीन प्रकार मानून रोग्याच्या स्थितीप्रमाणे त्यांतील योग्य तो निवडावा, असे त्यांचे मत होते. १५६९ मध्ये एका उमरावाची शुश्रूषा करण्यासाठी राजाने त्यांना पाठविले. गुडघ्याजवळ गोळी लागून मांडीचे हाड मोडलेला तो तरुण सात महिने अंथरुणास खिळून होता. जखमा वाहत होत्या, पाठीस क्षते पडली होती, झोप व अन्न दोन्ही तुटली होती. पारे यांनी पू वाहून जाण्यासाठी वाट केली, बिछाना बदलविला, ऊन फडक्यांनी सर्वांग दीर्घकाळ चोळण्याची व्यवस्था केली, पौष्टिक आहार सुरू केला. झोप यावी म्हणून पाऊस पडल्याचा भास होईल असा पाण्याच्या धारेचा आवाज करविला. थोडी शक्ती येताच वादकही बोलाविले. पुढे काही आठवड्यांत तो रोगी उठून बसू लागला व नंतर कुबड्यांवर चालू लागला. हात कुशल हवा, पण त्या हातामागे संपूर्ण माणसाचा विचार हवा, हे ह्या प्रसंगावरून दिसते.

कीर्तीबरोबर मत्सरही येतो. १५७५ मध्ये त्यांचे समग्र ग्रंथ प्रसिद्ध होताच विद्यापीठातील वैद्यांनी त्यांच्याविरुद्ध हरकत घेतली. लॅटिन न जाणणाऱ्या न्हाव्याने वैद्यकावर लिहावे, तेही लोकांच्या भाषेत, आणि विद्यापीठाच्या संमतीवाचून, ही गोष्ट त्यांना खपली नाही. एत्येन गुर्मेलाँ हे त्यांचे प्रमुख विरोधक होते. पारे यांनी १५८५ च्या आवृत्तीत त्यांना उत्तर दिले. त्यात कुलाचा अभिमान वा शिव्याशाप यांवर त्यांनी भर दिला नाही. तीसचाळीस वर्षांत आपण कोणत्या रणभूमीवर, कोणत्या रोग्यावर, काय केले व काय फळ आले याचा क्रमवार वृत्तांतच त्यांनी पुढे ठेवला. ज्याने देहावर हात ठेवून काम केलेले नाही त्याने नुसत्या ग्रंथाच्या बळावर शस्त्रक्रिया शिकवू नये, असा त्या उत्तराचा आशय होता.

पारे निर्दोष होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. विचित्र प्राण्यांवरील त्यांच्या पुस्तकात ऐकीव व काल्पनिक गोष्टींचा भरणा आहे. रोगजंतूंचा शोध त्यांच्यानंतर तीन शतकांनी लागला. त्यामुळे पुवाची खरी कारणे त्यांना कळणे शक्य नव्हते. तथापि चूक समजली की ती सोडून देण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. तरुणपणी अनुसरलेल्या कित्येक उपचारांचा त्यांनी पुढे उघडपणे त्याग केला. २० डिसेंबर १५९० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथांची लॅटिन व इंग्रजी भाषांतरे झाली. ज्या लॅटिनच्या अभावी त्यांना हिणविले गेले, त्याच भाषेत त्यांचे ग्रंथ १५८२ साली भाषांतरित व्हावेत, हा काळाचा न्यायच म्हणावा लागेल.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, ह्या चरित्रापासून आपण कोणता बोध घ्यावयाचा? पारे न्हावी होते, एवढ्या गोष्टीचा अभिमान बाळगून स्वस्थ बसणे सोपे आहे. परंतु ते त्यांच्या आयुष्याशी विसंगत होईल. मालीश करणारे व हाड बसविणारे हात आपल्या अनेक घराण्यांत होते आणि काही ठिकाणी आजही आहेत. त्यांनी अनेकांचे दुःख हलके केले, ही गोष्ट खरी. तितकीच खरी गोष्ट अशी की, मोडलेल्या हातावर कामट्या बांधून पट्टी फार आवळली गेल्यास रक्तप्रवाह थांबतो, स्नायू मरतात, आणि पोराचा हात जन्माचा जातो. पायांना बधिरपणा येऊन लघवीवरील ताबा सुटला असेल, तर ती पाठ चोळण्याची वेळ नसून तत्काळ रुग्णालयात नेण्याची वेळ असते. अशा वेळी परंपरा रोग्याला वाचवीत नाही, ज्ञान वाचविते.

ते ज्ञान मिळविण्याचा मार्ग पारे यांच्या काळी बंद होता. आज तो मोकळा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीचे, म्हणजे भौतिकोपचाराचे, शिक्षण सुरू झाले. त्यानंतर ह्या विषयाची महाविद्यालये महाराष्ट्रात ठिकठिकाणी निघाली. २०२१ साली संसदेने केलेल्या कायद्याने ह्या व्यवसायास राष्ट्रीय आयोगाची चौकट मिळाली. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना हा अभ्यासक्रम खुला आहे. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र असते, आणि पुष्कळ विद्यार्थी तेथेच धीर सोडतात. प्रौढ माणसाची २०६ हाडे, मणक्यांच्या माळेतील मानेचे ७, छातीचे १२ व कमरेचे ५ मणके, आणि शेकडो स्नायूंचे उगम, जोड, कार्य व मज्जातंतू ही यादी पाहून मन दडपते. त्यांनी पारे यांची रीत आठवावी. नुसते पाठ करू नये; हाड हाती घ्यावे, त्याचे उंचवटे चाचपावेत, मग तेच उंचवटे स्वतःच्या अंगावर शोधावेत. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडांवर हात ठेवून ती रेषा पाठीवर नेली, की ती साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी येते. असे एकेक ठिकाण बोटांना कळू लागले, म्हणजे पुस्तकातील आकृती सजीव होते. आपल्या आजोबांच्या बोटांना जे अंदाजाने कळत होते, ते नातवाच्या बोटांना कारणासहित कळावे, एवढाच ह्यातील फरक आहे. पण तो फरक फार मोठा आहे.

आणखी एक कर्तव्य उरते. पारे यांना फाशी गेलेल्या गुन्हेगाराच्या देहावर शिकावे लागले. आपल्या राज्यात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस तसेच दान केलेले देह वैद्यकीय संस्थांना अभ्यासार्थ देण्याची सोय झाली आहे. ज्या अज्ञात व्यक्तीच्या देहावर आपली मुले स्नायूंची ओळख करून घेतात, ती त्यांची पहिली गुरू होय. तिच्यापुढे नम्र राहावे, आणि शक्य असल्यास आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी देहदानाचा विचार करावा.

उंच आसनावर बसून ग्रंथ वाचणारे आणि खाली उभे राहून हात चालविणारे, ही फाळणी एका नाभिकाने आपल्या अभ्यासाने मोडून काढली. आमच्या तरुणांनी ग्रंथ आणि हात दोन्ही आपलेसे करावेत, आणि ज्या घरी धोकटी होती त्या घरी शरीरशास्त्राची पुस्तकेही दिसावीत, हीच पारे यांच्या स्मृतीस खरी आदरांजली ठरेल.